दोरीला बांधलेलं पेन

ठाण्यात आईचं ज्या बँकेत खातं आहे, तिथे काउंटरवर एक पेन आहे. पांढऱ्या सुतळीने ते काउंटरच्या कडेला बांधलेलं आहे. सुतळी इतकी आखूड, की स्लिप भरायची तर वाकून, काउंटरला अंग टेकवूनच भरावी लागते. आई ८२ वर्षांची आहे. तिला तसं वाकता येत नाही. म्हणून स्लिप मी भरते आणि सहीपुरतं ती माझं पेन घेते. सुतळीच्या बरोबर वर, भिंतीवर, फलक आहे: ‘आपला विश्वास हीच आमची पुंजी.’

पेन पाच-दहा रुपयांचं असतं. आईचं खातं १९९० पासूनचं आहे. बाबांची ग्रॅच्युइटी या शाखेत आली, माझ्या लग्नासाठी साठवलेले पैसे इथे होते, बाबा गेल्यावर सुरू झालेलं कुटुंब निवृत्तिवेतन इथेच जमा होतं. इतक्या वर्षांत आईने एकदाही विचारलं नाही, की माझे पैसे तुम्ही कुठे ठेवता, कुणाला देता, परत येतील ना? तिने विश्वास ठेवला. बँकेला मात्र आई पेन घेऊन जाईल अशी भीती वाटते. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घ्यायचं. मला ती एवढीशी वाटत नाही. सुतळी कुणीतरी विचार करून बांधली आहे, आणि तो विचार आता मला सगळीकडे दिसतो.

मार्चमध्ये आईच्या मोबाइलवर इंग्रजीत मेसेज आला. तिला तो वाचता आला नाही, तिने मला सांगितलंही नाही. औषधांचे पैसे काढायला शेजारच्या मुलाबरोबर गेली तेव्हा कळलं, की खातं बंद ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिच्याबरोबर गेले.

“आजी, तुमचं केवायसी पेंडिंग आहे,” काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

“दोन वर्षांपूर्वी दिलं होतं की रे बाळा. इथेच, त्या पलीकडच्या बाईंकडे.”

“सिस्टिममध्ये दिसत नाही.”

“मग आता?”

“परत द्यावं लागेल.”

आधार, पॅन, विजेचं बिल, दोन फोटो, प्रत्येक झेरॉक्सवर सही. ते सगळं समोरच्या दुकानातून करून आणलं. मग त्याने बोटाचं यंत्र पुढे केलं. उजवा अंगठा जुळला नाही. डावा जुळला नाही. तर्जनी जुळली नाही. त्याने ओला फडका दिला, आईने बोटं पुसली, पुन्हा ठेवली. जुळली नाहीत. वीस-पंचवीस माणसांची रांग मागे उभी होती आणि माझी आई एकेक बोट काचेवर दाबत होती. शेवटी तो म्हणाला, “मॅच होत नाहीये. दुसऱ्या कुणाचं तर नाही ना आधार?”

आई म्हणाली, “हात माझा आहे, तर बोट कुणाचं असणार?”

तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. साठ वर्षं तिने राखेने भांडी घासली, दगडावर धुणं धुतलं, चुलीवर भाकऱ्या भाजल्या. म्हाताऱ्या माणसांच्या आणि कष्टकऱ्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत ही काही नवी बातमी नाही. बोटं चालत नसतील तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आधारमध्ये आहे. शाखेत ती नव्हती. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आई याच रांगेत उभी राहते, आपण जिवंत आहोत हे सांगायला. आता मार्चमध्ये तिला आपण आपणच आहोत हेही सांगायला लागलं, आणि ते कुणी मान्य केलं नाही.

घरी येऊन मी नियम वाचले. आपण सगळ्यांनीच ते वाचायला हवेत असं मला आता वाटतं, म्हणून थोडक्यात देते. रिझर्व्ह बँकेने ग्राहकांचे जोखमीनुसार तीन गट केले आहेत. जास्त जोखमीच्या ग्राहकाचं केवायसी दर दोन वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाचं आठ वर्षांनी आणि कमी जोखमीच्या ग्राहकाचं दहा वर्षांनी अद्ययावत करायचं. निवृत्तिवेतन घेणारी विधवा कोणत्या गटात येते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पुढे ५ जानेवारी २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं, की माहितीत काहीच बदल झाला नसेल तर ग्राहकाने तसं स्वतः लिहून दिलं की पुरे. ते ईमेलने, नोंदवलेल्या मोबाइलवरून, एटीएमवरून किंवा पत्राने देता येतं. त्यासाठी शाखेत यायला लावण्याची गरज नाही. शिवाय २०१६ पासून देशात केवायसीची मध्यवर्ती नोंदणी आहे. तिथे प्रत्येकाचा १४ आकडी क्रमांक असतो. कागद एकदा दिले की ते तिथून बघता यावेत यासाठीच ती यंत्रणा उभी केली.

म्हणजे नियम आईच्या बाजूचा होता. आईने लिहून दिलेलं एक वाक्य बँकेने खरं मानावं असं रिझर्व्ह बँकच सांगत होती. शाखेने ते मानलं नाही.

काउंटरवरच्या त्या मुलावर माझा राग नाही. तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. नियम दाखवला तेव्हा त्याने तो नीट वाचला आणि म्हणाला, “मॅडम, बरोबर आहे तुमचं. पण सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच नाही.” त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर कुणीतरी ग्राहकाच्या शब्दासाठी रकानाच ठेवलेला नव्हता. त्या मुलावरही बँकेचा विश्वास नाही. आजी समोर उभी आहे, चेहरा फोटोशी जुळतो आहे, सही तीच आहे, हे त्याला दिसत होतं. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं धरण्याचा अधिकार त्याला नव्हता. पूर्वीचे शाखाधिकारी गिऱ्हाइकाला नावाने ओळखत. आताच्या शाखाधिकाऱ्यांची तीन वर्षांत बदली होते आणि विमा किती विकला यावर त्यांचं मूल्यमापन होतं. ओळख पटायला लागणारा वेळच त्यांना कुणी देत नाही.

फोनची गोष्ट याहून वाईट आहे. बँकेतून म्हणून फोन येतो. पलीकडची व्यक्ती म्हणते, “व्हेरिफिकेशनसाठी तुमची जन्मतारीख सांगा.” फोन त्यांनी केलेला असतो. मी कुणाला केलेला नसतो. पण मी कोण हे मी सिद्ध करायचं असतं. “तुम्ही बँकेतूनच बोलताय हे मी कसं ओळखायचं?” असं मी एकदा विचारलं. पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, आम्ही रेकॉर्डेड लाइनवर आहोत.” ते उत्तर कुणीही भामटा देऊ शकतो, आणि देतोही. एकीकडे याच बँका रोज मेसेज पाठवतात, की आपली माहिती फोनवर कुणालाही देऊ नका. दुसरीकडे त्यांचीच माणसं ती फोनवर मागतात. बँका आणि वित्तसंस्थांच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक आता राखून ठेवले आहेत. म्हणजे लोकांना खरा फोन ओळखता येत नाही हे सरकारने मान्य केलं. ते मान्य व्हायला इतकी वर्षं का लागली? त्या काळात किती म्हाताऱ्या माणसांनी नुसत्या ‘बँकेतून बोलतोय’ या शब्दांवर आयुष्याची कमाई घालवली! त्यांना भोळं म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. फोन उचलून स्वतःची माहिती सांगायची सवय त्यांना कुणी लावली, हे कुणी विचारत नाही.

मॉलमध्ये शिरताना पिशवी बाहेर ठेवायला लावतात, टोकन देतात. ठीक आहे. मग आतून घेतलेलं सामान न्यायला पिशवी नाही, म्हणून त्यांची विकत घ्यायची, आणि तिच्यावर त्यांचंच नाव छापलेलं. पैसे भरायचे, दहा पावलांवर दाराशी उभ्या असलेल्या माणसाला बिल दाखवायचं, तो पिशवीत हात घालून वस्तू मोजतो, बिलावर शिक्का मारतो, मग बाहेर. पैसे घेताना कॅमेरे वर होते. बिल त्यांच्याच यंत्रातून निघालं. आणि तरीही दारात मी संशयित. मात्र बिलात एखादी वस्तू दोनदा लागली असेल तर ती शोधायचं काम माझं. ते दारातल्या माणसाचं नाही. तो फक्त मी जास्त काही नेत नाही ना एवढंच बघतो. त्यांनी जास्त काही घेतलं नाही ना, हे बघणारं दारात कुणी नसतं.

पिशवीचं प्रकरण निदान एकाने धसास लावलं. चंदिगडमध्ये एका ग्राहकाला ‘बाटा’च्या दुकानात कागदी पिशवीचे तीन रुपये लावले. पिशवीवर कंपनीची जाहिरात होती. तो ग्राहक मंचाकडे गेला आणि २०१९ मध्ये मंचाने कंपनीला एकूण नऊ हजार रुपये भरायला सांगितले. तीन रुपयांसाठी कुणी कोर्टकचेऱ्या करतं का, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल. मला त्या माणसाचे आभार मानावेसे वाटतात. तीन रुपये सगळ्यांकडून घेतले की ते तीन रुपये राहत नाहीत, हे दुकानदाराला चांगलं ठाऊक असतं. ते ठाऊक असलेला एक गिऱ्हाईकही निघाला.

आता एटीएमबद्दल. गेल्या वर्षी यंत्राने माझ्या खात्यातून पाच हजार वजा केले आणि नोटा दिल्या नाहीत. हे कुणाच्याही बाबतीत होतं. यंत्र आहे, बिघडतं. माझी तक्रार बिघाडाची नाही. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं एक परिपत्रक आहे. त्यानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाच्या खात्यात जमा करायची. ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न बघता. हे शब्द महत्त्वाचे आहेत. माझे पैसे सोळाव्या दिवशी आले. अकरा दिवस उशिरा. अकराशे रुपये माझे येणं होते, ते आले नाहीत. विचारल्यावर “अशी काही पॉलिसी नाही” असं उत्तर मिळालं. परिपत्रकाची प्रत जोडून दोन पत्रं लिहिली तेव्हा अकराशे जमा झाले. माफीचा शब्द नव्हता.

आणि याच बँकेत किमान शिल्लक कमी पडली तर दंड कापायला पत्र लागत नाही, दोन पत्रंही लागत नाहीत. तो त्यांच्या यंत्राला बरोबर कळतो. म्हणजे यंत्राला दिवस मोजता येतात. कुणाच्या बाजूने मोजायचे हे त्याला शिकवलेलं आहे.

ते परिपत्रक निघालं २० सप्टेंबरला. तीनच दिवसांनी, २३ सप्टेंबर २०१९ ला, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, निर्बंध घातले. सहा महिन्यांत खातेदाराला आपल्याच खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. ज्यांनी ते दिवस मुंबईत बघितले ते भांडुपच्या मुख्यालयाबाहेरची, शाखाशाखांबाहेरची गर्दी विसरणार नाहीत. निवृत्त माणसं, टॅक्सीवाले, गुरुद्वारे, गृहनिर्माण सोसायट्यांचे सचिव. सोसायटीचा सगळा दुरुस्ती निधी एकाच बँकेत ठेवलेला, आणि आता सभासदांना काय सांगायचं म्हणून तोंड लपवणारे सचिव.

तपासात जे बाहेर आलं, त्यातला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. एचडीआयएल या बांधकाम कंपनीला आणि तिच्याशी संबंधितांना दिलेली बुडीत कर्जं लपवण्यासाठी बँकेच्या नोंदींत २१,०४९ खोटी कर्जखाती दाखवली होती, असं तपास यंत्रणांनी सांगितलं. खरी कर्जखाती ४४. त्यांच्या जागी एकवीस हजारांवर अशी नावं, ज्यांना कुणी कधी कर्ज दिलंच नव्हतं. बँकेने वाटलेल्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक एकाच समूहाकडे होतं, आणि ते वर्षानुवर्षं दडून राहिलं.

या २१,०४९ जणांचं केवायसी कुणी केलं? त्यांच्या अंगठ्याचा ठसा कुणी घेतला? विजेचं बिल कुणी मागितलं? ज्या बँकेत एकाही खऱ्या ठेवीदाराला दोन फोटो आणि सह्यांच्या झेरॉक्स दिल्याशिवाय खातं उघडता येत नव्हतं, त्याच बँकेत एकवीस हजार नसलेली माणसं कर्जदार म्हणून नोंदली गेली. माझ्या आईचं खरं बोट यंत्राने नाकारलं तेव्हा मला हाच आकडा आठवला. मी तो काउंटरवर बोलून दाखवला नाही. त्या मुलाचा त्यात काही दोष नव्हता, आणि ती बँकही वेगळी होती. पण तपासणीची दिशा तीच होती. सगळी बारीक तपासणी काउंटरच्या अलीकडे उभ्या माणसाची.

पीएमसीचं पुढे जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झालं. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण मिळालं. मोठ्या ठेवीदारांना उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांत मिळायची आहे. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता.

कंपन्यांचंही असंच. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ ला पत्र लिहून कबुली दिली, की हिशेबात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्याच्या काही महिने आधी कंपनीला उत्तम कारभारासाठी पुरस्कार मिळाला होता. नंतर तो काढून घेतला. शिल्लक खरी आहे का हे तपासायला बँकेकडून थेट लेखी खात्री मागवायची, एवढं साधं काम होतं. ज्यांनी ते करायचं त्यांनी कंपनीने दिलेले कागद चालवून घेतले. पाच हजार कोटींसाठी कंपनीचा शब्द पुरला. माझ्या आईचा शब्द तिच्या स्वतःच्या पत्त्यासाठी पुरत नाही. माझं सगळं गाऱ्हाणं हे एवढंच आहे.

माझ्या लहानपणी चाळीखालच्या वाण्याकडे उधारीची वही होती. एक त्याच्याकडे, एक आमच्याकडे. तो दोन्हींत लिहायचा, आणि महिनाअखेरीला आई दोन्ही समोरासमोर ठेवून बेरीज जुळवायची. तो वाणी साधू होता असं माझं म्हणणं नाही. तागडीखाली चिंच लावणारे, मापात मारणारे वाणी सर्रास असत. म्हणून तर वजनांवर सरकारी शिक्के आले. पण वही दोघांकडे होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तो आम्हाला तपासू शकायचा, आम्ही त्याला. आज माझा हिशेब बँकेकडे आहे, दुकानाकडे आहे, फोन कंपनीकडे आहे. त्यांचा माझ्याकडे नाही.

१९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत माझी मावशी होती. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करायची, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल एका घरी उतरायचा आणि बायका स्वतः मोजून वाटून घ्यायच्या. मावशीच्या घरात महिन्यातून एक दिवस तांदळाचा वास असायचा. कमी भरलं तर कमी असं त्या लिहायच्या, जास्त आलं तर जास्त असंही लिहायच्या. जास्त आलेलं परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. वस्तू घेणारा माणूस चोर आहे असं धरून ती व्यवस्था उभी केलेली नव्हती, आणि ती अनेक दशकं चालली.

आईचं खातं एकोणीस दिवसांनी सुरू झालं. दोन वर्षांपूर्वी दिलेले कागद शाखेतच सापडले. ते स्कॅन करायचे राहिले होते. एकोणीस दिवस औषधांचे पैसे मी दिले. मी जवळ राहते म्हणून ते जमलं.

त्या वेळी आईने कागद दिले तेव्हा पोच घेतली नव्हती. तिला वाटलं, बँक आहे, पोच कशाला? या वेळी मी दुसरी प्रत काढून नेली आणि तिच्यावर शिक्का मागितला. “आम्ही पोच देत नाही,” असं सांगितलं. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. सव्वाचारला शाखाधिकारी बाहेर आल्या, त्यांनी तारीख घालून शिक्का मारला, सही केली. तो कागद आता आईच्या पासबुकात आहे.

तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस बँकेत, विमा कंपनीत, फोनच्या दुकानात कागद द्यायला जाणार असेल, तर त्यांच्याबरोबर जा. कागदाची दुसरी प्रत न्या. तिच्यावर शिक्का, तारीख आणि सही घ्या. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्यांचा मदतक्रमांक १४४४८ आहे. दुकान किंवा कंपनी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. दोन्ही क्रमांक घरातल्या फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि पोच मिळेपर्यंत काउंटरवरून हलू नका.